आठ वाजेपर्यंतचे पडदे

ऑर्व्हिल स्टेनरसननं एप्रिलमध्ये सगळ्या गाई विकल्या आणि जूनमध्ये आर्डिस क्वामेला फोन करून सांगितलं की त्याला पडदे शिवून हवेत. आर्डिसला आधी वाटलं, याचा फोन चुकून लागलाय. ऑर्व्हिलच्या घरात पडदे होते. बायकोनं, इर्मानं, लावलेले, जाळीचे. इर्मा जाऊन सहा वर्षं झाली तरी त्यानं ते एकदाही उतरवून धुतलेले नव्हते. असला माणूस आपण होऊन पडदे मागतो म्हणजे एक तर याचं लग्न ठरलंय, नाहीतर डोकं फिरलंय, असं तिच्या मनात आलं. पण आमच्या नॉर्डालमध्ये असलं कुणी तोंडावर विचारत नाही. तिनं विचारलं, तुझ्याकडे हवा कशी आहे? तो तिच्या घरापासून सायकलवर चार मिनिटांच्या अंतरावर राहायचा.

आर्डिस पडदे शिवायची ती काही दुकानातल्यासारखी नाही. आधी ती गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन तासभर नुसती बसायची. ऊन कुठून येतं, कुत्रं कुठून उडी मारतं, नवरा कुठल्या खुर्चीत पेंगतो, हे सगळं बघून झालं की मग पिशवीतून फीत काढायची. गुंडरसन बहिणी एका घरात राहून नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, तर आर्डिसनं त्यांच्या एकाच खिडकीला दोन वेगळे पडदे शिवून दिले, दोघींच्या दोन दोऱ्या, एकीचा दुसरीला हात लागायचं कारण नाही. मिनेसोटाच्या आमच्या त्या कोपऱ्यात तिच्या हातचा पडदा म्हणजे अंगच्या मापाचा कोट समजत.

ऑर्व्हिलच्या झोपायच्या खोलीत ती अशीच तासभर बसली. खिडकी पूर्वेची, थेट रस्त्यावर उघडणारी. पलंग खिडकीखालीच. शेवटी तिनं विचारलं, "तुला नेमकं काय हवंय?"

ऑर्व्हिल म्हणाला, "आठ वाजेपर्यंत झोपायचंय."

"रोज?"

"एकदा. एकदा झालं तरी पुरे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एकेचाळीस वर्षं तो साडेचारला उठला होता. गाईंना रविवार कळत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी साडेचारला, पाय मोडला तेव्हा कुबड्या घेऊन साडेचारला, इर्माला मातीत ठेवायचं होतं त्या दिवशीही आधी धारा काढून मग त्यानं काळा कोट चढवला. आता गोठा रिकामा होता, पण जूनमध्ये पाचच्या आधीच उजाडायला लागतं, आणि उजाडलं की त्याचे पाय आपोआप बुटांत शिरायचे. मग तो अंगणात जाऊन रिकाम्या गोठ्यासमोर उभा राहायचा आणि आता काय करायचं ते त्याला कळायचं नाही. हे ऐकून आर्डिसला गलबलून आलं. तिनं शब्द दिला की आठपर्यंत झोपवते तुला, नाहीतर आजपासून सुई हातात धरणार नाही.

अकरा दिवस ती खपली. तीन पदरी कापड, मध्ये उजेडाचा कणही न सोडणारं अस्तर, दांडीची टोकं भिंतीकडे वळवलेली, म्हणजे कडेची फटसुद्धा बंद, आणि खालच्या दुमडीत शिशाचे तुकडे, म्हणजे वाऱ्यानं हलायला नको. गुरुवारी भर दुपारी तिनं ते टांगले आणि ओढले. खोलीत असा काळोख झाला की ऑर्व्हिलनं विचारलं, "आर्डिस, तू आहेस ना अजून?" ती आहे म्हणाली. मग काळोखातूनच तो म्हणाला, "वाईट नाहीत." आमच्याकडे याच्यावर स्तुती नाही. आर्डिस त्या दिवशी गुणगुणत घरी गेली.

एका गोष्टीचा तिनं विचार केला नव्हता. खिडकीचं माप घेतलं, माणसाचं घेतलं, पण रस्त्यापलीकडच्या लव्हॉन बाकेचं घेतलं नाही. लव्हॉन बहात्तर वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली नर्स. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून ती रोज पहाटे अंथरुणातूनच ऑर्व्हिलच्या खिडकीत दिवा लागलेला बघायची आणि आपलं घड्याळ बरोबर आहे याची खात्री करून पुन्हा कूस बदलायची. शुक्रवारी पहाटे दिवा लागला नाही. पाच वाजले, सव्वापाच झाले, खिडकी काळीठिक्कर. एकेचाळीस वर्षांत हे झालं नव्हतं, तेव्हा याचा अर्थ एकच. साडेपाचला तिनं ऑर्व्हिलच्या पुतण्याला, वेंडेलला, फोन केला. वेंडेल गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख होता. दल म्हणजे सात शेतकरी आणि एक बंब. वेंडेलनं भोंगा वाजवला.

भोंग्यानं सगळं गाव जागं झालं, फक्त ऑर्व्हिल सोडून. ते अस्तर लांबचा आवाजही अडवतं हे आर्डिसलाही ठाऊक नव्हतं. आमच्याकडे दारांना कुलूप नसतं, त्यामुळे काही फोडावं लागलं नाही. सात जण जड बूट घालून ओसरीच्या पायऱ्या चढले, विजेऱ्या पाजळत खोलीत शिरले आणि पलंगाभोवती टोप काढून उभे राहिले. मागं लव्हॉन, नाइटगाऊनवर कोट घातलेली, हातात रुमाल. सहा वाजून दहा मिनिटांनी ऑर्व्हिलनं डोळे उघडले. त्यानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

"कुणी नाही," लव्हॉन म्हणाली. "आम्ही असेच इकडून चाललो होतो."

ऑर्व्हिल उठला आणि त्यानं सगळ्यांना कॉफी घेणार का विचारलं. सगळे नको म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं, ते पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्यांदा विचारल्यावर, अगदी अर्धा कप, म्हणून सगळे बसले. आमच्याकडे पहिल्या दोन 'नको'ना काही किंमत नसते. ते नुसतं घसा साफ करण्यासारखं असतं. कॉफी पिताना हवेबद्दल बोलणं झालं, सोयाबीनबद्दल झालं. आपण प्रेत उचलायला आलो होतो, हे कुणी बोललं नाही, आणि तुम्ही माझी झोप मोडलीत, हे ऑर्व्हिलही बोलला नाही.

पण सहा-दहापर्यंतची झोप त्याच्या अंगाला लागली होती. त्यानं दुपारी आर्डिसला फोन करून दबक्या आवाजात विचारलं की सहा-दहा जर अशी लागते, तर आठ कशी असेल. आर्डिस म्हणाली, कळेल, उद्याच कळेल.

उद्या कळलं नाही. कारण लव्हॉनला आपल्या घाईची फार शरम वाटली होती, आणि शरम वाटली की आमची माणसं मदत करायला लागतात. तिनं ठरवलं की यापुढे भोंगा नाही, गडबड नाही, रोज पाचला आपण स्वतः जाऊन एकदा बघून यायचं. ऑर्व्हिल म्हणाला, नको, कशाला त्रास. ती म्हणाली, त्रास कसला. तो म्हणाला, नको, खरंच. झाले दोन. तिसरा 'नको' म्हणायचं त्याच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं, त्याला कुठून जमणार. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला खिडकीच्या काचेवर बोटानं तीन टिचक्या वाजायला लागल्या. पडद्यातून काहीच दिसत नसल्यामुळे विचारणं भाग होतं.

"ऑर्व्हिल, झोपलायस ना?"

"झोपलोय."

"बरं बरं. झोप मग."

ही वार्ता आठव्या दिवशी आर्डिसच्या कानावर गेली. तिनं तोड काढली की ऑर्व्हिलनं आपणच पावणेपाचला फोन करून लव्हॉनला सांगावं, मी ठीक आहे, येऊ नकोस. हे तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी ऑर्व्हिल पडद्यांसाठी आभार मानायला तिच्याकडे आला तेव्हा त्याच्या डोळ्यांखाली पिशव्या लोंबत होत्या. आर्डिसनं हिशेब केला. आपण झोपलो आहोत हे कळवण्यासाठी हा माणूस साडेचारचा गजर लावत होता.

मग दिवा. स्वयंपाकघरात एक दिवा ठेवायचा, घड्याळाला जोडलेला, आपोआप पाचला लागेल असा. लव्हॉनला रस्त्यापलीकडून उजेड दिसेल, ती निर्धास्त होईल, ऑर्व्हिल झोपेल. युक्तीत खोट काढायला जागा नव्हती. लव्हॉन खरंच आली नाही. पण आमच्या गावातलं कॅफे सहाला उघडतं, आणि पाच ते सहा काय करायचं, हा निवृत्त शेतकऱ्यांपुढचा मोठाच प्रश्न आहे. त्यातल्या पाच जणांना ऑर्व्हिलकडे दिवा दिसला. ऑर्व्हिल उठलाय म्हणून ते आत आले, आणि ऑर्व्हिल दिसेना तेव्हा त्याला उठवणं बरं नाही म्हणून त्यांनी आपली आपणच कॉफी केली. बिचारे फार जपून वागले. बूट काढून बसले. सोयाबीनबद्दल कुजबुजत बोलले. ज्याला शेजारच्या खोलीत पाच बहिऱ्या म्हाताऱ्यांची कुजबुज ऐकावी लागली नसेल, त्याला ऑर्व्हिलचं दुःख समजणार नाही.

जुलै उजाडला. आर्डिसला आता रात्री पडदे दिसायला लागले होते. तिनं आयुष्यात न केलेली गोष्ट करायचं ठरवलं. ती ऑर्व्हिलकडे गेली, स्वतःच्या हातच्या त्या तीन पदरी पडद्याला उशीच्या उंचीवर वीतभर चौकोनी भोक पाडलं आणि कडा शिवून त्याला एक नीटस चौकट केली. कात्री चालवताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण आता बाहेरून कुणालाही ऑर्व्हिलची छाती वरखाली होताना दिसली असती, टिचकी मारायचं कारणच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला तो त्या वीतभर चौकोनातून नेमका ऑर्व्हिलच्या उजव्या डोळ्यावर. त्यानं डोळा उघडला तर चौकोनात लव्हॉनचा डोळा. तिच्या मागं कॅफेच्या वाटेवरचे दोघे आपली पाळी यायची वाट बघत उभे होते.

त्या सकाळी ऑर्व्हिल आर्डिसच्या दारात येऊन पायरीवरच बसला. म्हणाला, "जाऊ दे आर्डिस. काही माणसांच्या नशिबात झोप नसते. पडदे वाईट नाहीत."

"तू तिला सांगत का नाहीस?" आर्डिसनं विचारलं. "सरळ सांग. तीनदा नको म्हण."

"तीनदा?"

"तीनदा."

त्याचा चेहरा पांढरा पडला. पण दुसरा उपाय नव्हता. आर्डिसनं त्याला दुपारभर समोर बसवून सराव करून घेतला. दोन 'नको' सुरळीत यायचे, तिसऱ्याला घसा बसायचा. संध्याकाळी कुठे तो खणखणीत यायला लागला, तेव्हा तिनं त्याला तसाच लव्हॉनकडे पिटाळलं, विसरायच्या आत. लव्हॉननं दार उघडलं आणि रिवाजाप्रमाणे आधी विचारलं, पाय खाणार का? पाय म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, आज ताज्या रुबार्बच्या आंबट देठांचा होता. ऑर्व्हिल म्हणाला, नको. थोडासा? नको. अरे, अगदी एवढासा?

"नको," ऑर्व्हिल म्हणाला.

दुपारभर घासून तयार केलेला तिसरा 'नको' असा पायवर खर्ची पडला. पुढचं बोलायला त्याच्यात त्राण उरलं नाही. लव्हॉन चौकटीला धरून उभी राहिली. चाळीस वर्षं ती नर्स होती, पण तीनदा पाय नाकारणारा माणूस तिनं पाहिला नव्हता. तो घरी पोचायच्या आत तिनं पाच फोन केले. रात्र पडायच्या आत ऑर्व्हिलच्या ओट्यावर वर बटाट्याचे गोळे लावलेल्या खिम्याच्या चार हॉटडिश, दोन जेलीचे साचे आणि एक अख्खं हॅम येऊन पडलं. आजार कुठला, हे कुणी विचारलं नाही, पोटाचा असणार हे उघड होतं. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबा आले, हवेबद्दल बोलले आणि जाता जाता सहज म्हणाले की ऑर्व्हिलला विशेष आवडणारी दोन-तीन भजनं असतील तर त्यांना माहीत असलेली बरी. ऑर्व्हिलनं आपल्या दफनासाठी तीन भजनं सांगितली. नाही कसं म्हणणार.

त्यानंतर पहाटे पाचला एकटी लव्हॉन यायची ते बंद होऊन बायकांच्या पाळ्या लागल्या, आणि त्या लावून द्यायला लव्हॉन रोज हजर. आर्डिसनं आपल्या शिवणयंत्रावर खोळ घातली. शब्द दिला होता तो दिला होता. गुंडरसन बहिणींपैकी थोरली उशांचे अभ्रे टाकायला आली तिला तिनं परत पाठवलं आणि दिवसभर खोलीत नुसती बसून राहिली.

अशा वेळी, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, लव्हॉन मागच्या दारानं तिच्याकडे आली. बराच वेळ हवेबद्दल बोलली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला पडदे हवेत. त्याच्यासारखे."

"कुणासारखे?"

"ऑर्व्हिलसारखे. भोक नको." लव्हॉन खुर्चीत खचली. "अगं, महिनाभर मी पाचला उठतेय. बहात्तर वर्षांची बाई मी. त्याच्यासाठी उठायला हवं, हे खरं, पण आता पाय उचलत नाहीत. मी एकदा झोपले तर गाव मला नावं ठेवेल का?"

आर्डिसनं खोळ काढून फेकली. अभ्र्यांना नकार देणारी बाई आपणच होतो, हे ती विसरलीसुद्धा. तिच्या लक्षात आलं की औषध इतके दिवस चुकीच्या माणसाला चाललं होतं. लव्हॉन झोपली की पाळ्या झोपतील. पाळ्या झोपल्या की ऑर्व्हिल झोपेल. तिनं सात दिवसांत लव्हॉनचे पडदे शिवले आणि ऑर्व्हिलच्या पडद्याचा भोक पडलेला भाग काढून नवा जोडला. मग ती स्वतः दारोदार गेली. वेंडेलला सांगितलं, पाच कॉफीवाल्यांना सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं की शनिवारी त्या रस्त्यावर कुणीही फिरकायचं नाही, माणसं जिवंत आहेत, मी लिहून देते. दोनदा ते बरं म्हणाले. तिनं तिसऱ्यांदा वदवून घेतलं.

शनिवारी ती सायकल ढकलत बरोबर आठला त्या रस्त्यावर आली. रस्ता ओस होता. ऑर्व्हिलच्या खिडकीत पडदे घट्ट ओढलेले, काचेवर कुणाचं बोट नाही, स्वयंपाकघरात कुजबूज नाही. आठ वाजून एक मिनिट झालं, दोन झाली, पडदा हलला नाही. आर्डिस कुंपणाला धरून उभी राहिली आणि तिला रडू आलं. आपण काही वाया नाही गेलो, असं तिला वाटलं. मग डोळे पुसून तिनं मागं वळून पाहिलं.

रस्त्यापलीकडे लव्हॉनचं दार उघडलं होतं आणि लव्हॉन नाइटगाऊनमध्ये उंबऱ्यावर उभी होती, झोपून उठून चेहरा लहान मुलीसारखा झालेला. तिनं ओठांवर बोट ठेवलं. तिची ओसरी घराच्या कडेला वळते त्या टोकावर, वेताच्या खुर्चीत ऑर्व्हिल होता. अंगात पायजमा, पायांत बूट. मान मागं पडलेली, तोंड उघडं, आणि पूर्वेचं सगळं ऊन बिनपडद्याचं त्याच्या तोंडावर. तो घोरत होता.

आर्डिस जवळ जाऊन बघत राहिली. त्याला खुर्चीसकट सावलीत ओढावं म्हटलं तर तो जागा होईल. दोघी पायरीवर बसल्या. साडेआठ झाले, नऊ झाले. गावाला दिलेला शब्द गावानं पाळला, एक गाडी त्या रस्त्यानं गेली नाही. लव्हॉननं तिला हळूच सांगितलं की आपण आठपर्यंत झोपलो, आयुष्यात प्रथमच, आणि फार छान वाटलं. आर्डिस म्हणाली, छान झालं. तिला लव्हॉनचा अतिशय राग आला होता.

दहाला पाच कमी असताना ऑर्व्हिलनं डोळे उघडले. दोघींना बघून तो ओशाळला आणि पायजम्याची बटणं चाचपायला लागला.

"इथं काय करतोयस?" आर्डिसनं विचारलं.

"पाचला जाग आली. कुणी आलंच नाही," तो म्हणाला. "सव्वापाच झाले, तरी नाही. म्हटलं, लव्हॉनला काही झालं. इथं येऊन बघतो तर खिडकी काळी. टिचकी मारायला बोट उचललं होतं, पण मग म्हटलं, झोपली असेल तर? मग खिडकीला कान लावून बसलो. आतून घोरणं ऐकू आलं, तेव्हा जरा जिवात जीव आला. त्यानंतरचं काही आठवत नाही. किती वाजले?"

आर्डिसनं सांगितलं. ऑर्व्हिलनं विश्वास न बसून लव्हॉनकडे पाहिलं. लव्हॉननं मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, आणि ते हसू घेऊन तो आर्डिसकडे वळला. रस्त्यापलीकडे त्याच्या रिकाम्या पलंगावर तिचे तीन पदरी पडदे अजून घट्ट ओढलेले होते.

"आर्डिस," तो म्हणाला, "तुझ्या पडद्यांना तोड नाही."